मालक गेला की क्लब गेला!

पुण्यातल्या एका फुटबॉल क्लबच्या बोधचिन्हावर घोरपड होती. 'रेड लिझर्ड्स' हे त्याचे टोपणनाव. ही घोरपड कुठून आली, हे पुणेकरांना समजावून सांगण्याची गरज नव्हती. कोंढाण्याचा कडा, तानाजी मालुसरे आणि यशवंती ही कथा इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. इतिहासकार त्या घोरपडीवर विश्वास ठेवत नाहीत, हा भाग वेगळा. पण २००७ साली स्थापन झालेल्या 'पुणे फुटबॉल क्लब'ने ते चिन्ह छातीवर लावले आणि पुढच्या सहा वर्षांत तो भारतीय फुटबॉलचा कडा खरोखरच जवळजवळ माथ्यापर्यंत चढून गेला. २०१५ मध्ये त्याच क्लबचा व्यावसायिक संघ बंद झाला. अवघे आठ वर्षांचे आयुष्य!

एखादा क्लब बुडतो, त्यात एवढे काय, असे कुणी म्हणेल. दुकाने बंद पडतात, चित्रपटगृहे बंद पडतात, तसेच हे. पण इथे गोष्ट एका क्लबची नाही. २०१५ ते २०१९ या पाच वर्षांत एकट्या पुणे शहरातून चार व्यावसायिक फुटबॉल क्लब नाहीसे झाले. पुणे एफसी आणि भारत एफसी २०१५ मध्ये, डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये आणि एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. चौघांचे मालक वेगळे, पैसा वेगळा, प्रशिक्षक वेगळे. शेवट मात्र सारखाच. एक रुग्ण दगावला तर त्याच्या प्रकृतीला दोष देता येतो. एकाच वॉर्डातले चार रुग्ण दगावले तर वॉर्डाकडेच पाहावे लागते.

आज हा विषय काढण्याला निमित्तही आहे. २०२५ मध्ये देशातली सर्वात मोठी फुटबॉल स्पर्धा, इंडियन सुपर लीग, ठरलेल्या वेळी सुरूच होऊ शकली नाही. बड्या बड्या क्लबांचे भवितव्य टांगणीला लागले. तेव्हा अनेकांना धक्का बसला. पुणेकर फुटबॉलप्रेमींना मात्र तो बसायला नको होता. त्यांनी हे सारे दहा वर्षांपूर्वीच पाहिले होते.

आठ वर्षांची चढण

पुणे एफसीची स्थापना केली ती अशोक पिरामल उद्योगसमूहाने. देशात त्याच वर्षी जुन्या राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या जागी 'आय-लीग' सुरू झाली होती. नवा क्लब थेट वरच्या पंगतीत बसला नाही. तो दुसऱ्या श्रेणीत खेळला, तिथून २००९ मध्ये वर चढला आणि २००९-१०च्या पहिल्याच आय-लीग हंगामात त्याने तिसरे स्थान मिळवले. त्याच्या पुढे होते फक्त डेम्पो आणि चर्चिल ब्रदर्स, हे गोव्याचे दोन मातब्बर संघ. ज्या शहराची ओळख कुस्ती, क्रिकेट आणि बॅडमिंटनशी जोडलेली, त्या शहराच्या नावाचा संघ कोलकाता आणि गोव्याच्या रांगेत येऊन उभा राहिला होता.

या यशामागे मोठा वाटा होता तो डेरिक परेरा यांचा. मूळचे गोव्याचे, भारताकडून बचावपटू म्हणून खेळलेले परेरा पुण्यात आले ते मुंबईच्या महिंद्रा युनायटेडचे प्रशिक्षकपद भूषवून. महिंद्राला त्यांनी २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकून दिली होती. पुण्यात ते २०१३पर्यंत राहिले आणि जाता जाता २०१२-१३च्या हंगामात संघाला उपविजेतेपद देऊन गेले. त्या बळावर पुणे एफसी २०१४ मध्ये आशियाई पातळीवरच्या एएफसी चषकात खेळला. त्याच वर्षी ड्युरँड चषकाच्या अंतिम फेरीतही तो पोहोचला. साळगावकरकडून तिथे हार पत्करावी लागली, पण एव्हाना पुण्याचा संघ अंतिम फेरीत असणे ही नवलाची गोष्ट उरली नव्हती.

या संघातली माणसेही लक्षात राहण्यासारखी होती. आराता इझुमी हा जपानमध्ये जन्मलेला मध्यरक्षक. वडील भारतीय, मूळ गुजरातचे. अनेक हंगाम तो पुण्याकडून खेळला. भारतात दुहेरी नागरिकत्वाची सोय नाही. म्हणून त्याने जपानचे नागरिकत्व सोडले, भारताचे घेतले आणि २०१३ मध्ये तो भारतीय संघाकडून मैदानात उतरला. पुढे त्याने नीलकंठ खंबोळजा हे नावही स्वीकारले. मिझोरमचा जेजे लालपेखलुआ पुढे भारताचा आघाडीचा आक्रमक झाला. त्याच्या व्यावसायिक कारकिर्दीची सुरुवात पुणे एफसीतच झाली. केरळच्या मलप्पुरमचा बचावपटू अनस एडथोडिका इथे वर्षानुवर्षे पाय रोवून खेळला आणि नंतर भारतीय संघात गेला. बालेवाडीच्या मैदानावर त्या वर्षांत मिझोरम, केरळ, गोवा, बंगाल आणि महाराष्ट्र एका रंगाच्या कपड्यात दिसत होते.

अकादमीची पेरणी

पण या क्लबचे खरे काम तिसऱ्या किंवा दुसऱ्या स्थानात मोजता येणार नाही. २०११ मध्ये त्याने मुलांसाठी अकादमी सुरू केली. निवडलेल्या मुलांना राहण्याची, शिक्षणाची आणि प्रशिक्षणाची सोय देणारी अशी व्यवस्था तेव्हा आपल्या देशात बोटांवर मोजण्याइतकी होती. वयोगटाच्या राष्ट्रीय स्पर्धांत या अकादमीच्या संघांनी दबदबा निर्माण केला.

तिथून कोण घडले, याचे एक उदाहरण पुरे. मलप्पुरमचा आशिक कुरुनियन या अकादमीत वाढला. पुणे एफसीचा संघ बंद झाल्यावर अकादमी पुढे एफसी पुणे सिटीने आपल्याकडे घेतली आणि आशिकही त्या क्लबचा झाला. २०१६ मध्ये तो स्पेनच्या व्हियारियलच्या तिसऱ्या संघात उसनवारीवर जाऊन आला आणि नंतर भारताचा नियमित खेळाडू झाला. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवलाही बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीनंतर या अकादमीचा हात लागला. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो देशाकडून खेळला.

ही झाली गाजलेली नावे. त्यांच्यासोबत त्याच खोल्यांत राहणारी, त्याच डब्यात जेवणारी बाकीची मुलेही होती. घरच्यांनी त्यांना चौदाव्या-पंधराव्या वर्षी परगावी पाठवले ते एका आश्वासनावर. या वयातली दोन-तीन वर्षे म्हणजे खेळाडूचे सारे भांडवल. क्लब बंद होतो तेव्हा मोठ्या खेळाडूला दुसरा क्लब मिळतो, परदेशी प्रशिक्षक विमानाने परत जातो. सोळा वर्षांच्या मुलाने कुठे जायचे? व्यावसायिक क्लब कसे जन्मतात आणि कसे मरतात, हा केवळ खेळाच्या पानावरचा विषय नाही तो याचसाठी.

एक मैदान, तीन क्लब

मग घडले काय? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आपले व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी आयएमजी-रिलायन्सकडे सोपवले. करार सातशे कोटी रुपयांचा. त्यातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग जन्माला आली. शहरांच्या नावाने नव्या फ्रँचायझी निघाल्या. चित्रपट तारे आणि क्रिकेटपटू मालकांच्या यादीत आले. परदेशातून निवृत्तीकडे झुकलेले नामवंत खेळाडू आले. पुण्याच्या वाट्याला आली एफसी पुणे सिटी. मालकांमध्ये वाधवान समूह आणि अभिनेता हृतिक रोशन. पहिल्याच वर्षी डेव्हिड ट्रेझेगे, १९९८च्या विश्वविजेत्या फ्रान्स संघातला खेळाडू, बालेवाडीत खेळताना दिसला.

लोकांनी ट्रेझेगेला पाहायला यावे, यात गैर काहीच नाही. प्रश्न निराळा होता. आता देशात दोन लीग झाल्या होत्या. एकीकडे मान्यतेने सर्वोच्च असलेली, पण झगमगाट नसलेली आय-लीग. दुसरीकडे काही आठवड्यांची, पण घराघरांतल्या दूरचित्रवाणीवर पोहोचलेली सुपर लीग. जाहिरातदार कुणाकडे जाणार? आय-लीगमध्ये वर्षानुवर्षे पैसा ओतणाऱ्या मालकाला एका हंगामात कळून चुकले, की आपण मुख्य इमारत समजून ज्यात राहत होतो ते आता आउटहाऊस झाले आहे.

याच सुमारास, २०१४च्या अखेरीस, पुण्याच्याच कल्याणी समूहाने भारत एफसी हा क्लब काढला. खालून वर चढून येण्याची अट नव्हती. थेट प्रवेश मिळाला. स्टुअर्ट वॅटकिस हे इंग्लिश प्रशिक्षक आले. म्हणजे काही महिन्यांच्या अंतरात बालेवाडीचे एकच मैदान तीन व्यावसायिक क्लबांचे घर झाले! १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले हे क्रीडासंकुल, तेही जुन्या शहरापासून दूर, महामार्गाच्या कडेला. पेठेतल्या मुलाने संध्याकाळचा सामना पाहून परत कसे यायचे, याचा विचार तीनपैकी कुणी किती केला असेल, कोण जाणे.

भारत एफसी एकच हंगाम खेळला. २०१४-१५च्या आय-लीगमध्ये तो अकरा संघांत शेवटचा आला आणि त्याच वर्षी त्याने स्पर्धेतून अंग काढून घेतले. पुणे एफसीच्या मालकांनीही त्याच वर्षी निरोप घेतला. पुढच्या हंगामात आय-लीगमध्ये अकराऐवजी नऊच संघ उरले. त्यात पुण्याची जागा भरून काढायला आला डीएसके शिवाजियन्स. शिवाजियन्स हा पुण्यातला जुना स्थानिक क्लब. त्याला बांधकाम व्यवसायातल्या डीएसके समूहाने हात दिला होता. इंग्लंडच्या लिव्हरपूलशी सहकार्य करून त्यांनी निवासी अकादमीही काढली. दोन हंगाम झाले. २०१७ मध्ये हाही संघ आय-लीगमधून बाहेर पडला. समूह आर्थिक अडचणीत सापडला होता आणि त्यापुढे फुटबॉलचा टिकाव लागणे शक्य नव्हते.

राहता राहिली एफसी पुणे सिटी. २०१७-१८ मध्ये मार्सेलिन्यो आणि एमिलियानो आल्फारो या जोडीच्या जोरावर तिने प्रथमच उपांत्य फेरी गाठली. आता कुठे जम बसतो आहे असे वाटत असतानाच २०१९ उजाडले. वाधवान समूहाची डीएचएफएल ही गृहकर्ज कंपनी संकटात आली आणि क्लबही संपला. त्याची सुपर लीगमधली जागा हैदराबादच्या नव्या मालकांनी घेतली. त्या जागेवर उभ्या राहिलेल्या हैदराबाद एफसीने २०२२ मध्ये लीगचे विजेतेपद पटकावले. पुढे हैदराबादचीही आर्थिक ओढाताण झाली, मालक बदलले आणि २०२५ मध्ये ती जागा दिल्लीला गेली, 'स्पोर्टिंग क्लब दिल्ली' या नावाने. पुणे, हैदराबाद, दिल्ली! बदलीची नोकरी असलेल्या सरकारी अधिकाऱ्याचे बिऱ्हाड हलावे, तसा हा क्लबचा प्रवास. फरक एवढाच, की अधिकाऱ्याची मुले त्याच्याबरोबर जातात; क्लबचे प्रेक्षक मागेच राहतात.

दोष कुणाचा?

अशा वेळी ठरावीक उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर, क्रिकेट. क्रिकेट सगळे खाऊन टाकते, असे म्हटले की विचार करायचे काम संपते. पण हेच क्रिकेट केरळातही आहे आणि कोलकात्यातही. दुसरे उत्तर, महाराष्ट्राला फुटबॉलची आवडच नाही. हे उत्तर देणाऱ्याने एकदा हंगामात कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर जाऊन यावे. त्याकडे पुढे येतोच.

तिसरे उत्तर मालकांवर खापर फोडणारे. हेही न्यायाचे नाही. पुणे एफसीच्या मालकांनी आठ वर्षे पैसा घातला, त्यातला फारसा परत येण्याची शक्यता नसताना. अकादमी काढण्याची सक्ती त्यांच्यावर कुणी केली नव्हती. आतबट्ट्याचा व्यवहार कुणी जन्मभर करत बसावे, अशी अपेक्षा आपण ठेवू शकत नाही. शिवाय ही वाट त्यांनीच प्रथम तुडवली असेही नाही. राष्ट्रीय विजेता ठरलेला महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, फगवाड्याचा जेसीटी २०११ मध्ये. गोव्याच्या डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा या तीन क्लबांनी २०१६ मध्ये महासंघाच्या धोरणाचा निषेध करून आय-लीग सोडली. मुंबई एफसीचाही २०१७ नंतर पत्ता उरला नाही.

मग दोष कुठे? माझ्या मते तो रचनेत आहे. आपल्याकडे व्यावसायिक क्लब म्हणजे एखाद्या कंपनीचा किंवा समूहाचा उपक्रम. क्लबचा मालक तोच, प्रायोजक तोच, कार्यकारिणीही त्याचीच. नाव, रंग, चिन्ह, अकादमी सारे एकाच सात-बाऱ्यावर. त्यामुळे मालकाचा धंदा बसला, त्याचे मन उडाले किंवा लीगचे नियम बदलले, की क्लब त्याच दिवशी संपतो. त्याला स्वतःचे असे शरीरच नसते. ज्याला आपण क्लब म्हणत होतो तो खरे तर नुसता संघ होता.

मंडप आणि मंडळ

ही गोष्ट पुणेकरांना समजायला अवघड नाही, कारण याच्या नेमकी उलट रचना त्यांनी शंभर वर्षांहून अधिक काळ सांभाळली आहे. सार्वजनिक गणेशोत्सवाचे मंडळ घ्या. मंडपाच्या कमानीवर दरवर्षी जाहिराती झळकतात. एका वर्षी सराफ असतो, दुसऱ्या वर्षी बांधकाम व्यावसायिक, तिसऱ्या वर्षी मोबाइल कंपनी. पैसा त्यांचाही असतो आणि तो महत्त्वाचाही असतो. पण कमानीवरचा जाहिरातदार गेला म्हणून गणपती बसायचा राहिला, असे कधी ऐकलेत का? कारण मंडळ जाहिरातदाराचे नसते. वर्गणीची पावती फाडणाऱ्या गल्लीचे असते. त्याला अध्यक्ष, कोषाध्यक्ष असतात, हिशेब असतो, भांडणेही असतात. पण प्रायोजक बदलतो, मंडळ राहते.

कोल्हापूरचा फुटबॉल याच मातीतला आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावेच सांगतात की हे संघ पेठांतून आणि कुस्तीच्या तालमींतून आले. हंगामात शाहू स्टेडियम भरून जाते. पेठेतली देणगीदार मंडळी, व्यापारी, स्थानिक पुढारी पैसा उभा करतात. परदेशी खेळाडूही आणले जातात. या चित्रावर उगाच सोनेरी मुलामा चढवण्याचे कारण नाही. ईर्ष्येतून समर्थकांत मारामाऱ्या होतात, सामने थांबतात, पोलिसांना यावे लागते. खेळाचा दर्जा आणि मुलांचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण यांत अजून बरेच अंतर तोडायचे आहे. पण एक गोष्ट तिथे होत नाही. एखादा देणगीदार रुसला म्हणून पाटाकडील तालीम हैदराबादला जात नाही.

मोठ्या व्यावसायिक क्लबांनाही हा नियम लागू पडतो. कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे पाहा. १९२० साली स्थापन झालेल्या या क्लबला २०१८ मध्ये क्वेस कॉर्प हा गुंतवणूकदार मिळाला. तो दोन वर्षांत गेला. २०२० मध्ये श्री सिमेंट आला. तोही दोन वर्षांत गेला. २०२२ पासून इमामी आला. भांडणे झाली, समर्थक रस्त्यावर उतरले, संघाची कामगिरी ढासळली. पण ईस्ट बंगाल बंद पडला नाही. कारण गुंतवणूकदाराच्या मागे सभासदांची संस्था उभी होती आणि तिच्यामागे लाखो माणसे. पुण्यात २०१५ मध्ये पुणे एफसीसाठी हळहळणारे होते. पण त्यांच्या हातात सभासदत्वाची पावती नव्हती. ते प्रेक्षक होते, वारस नव्हते.

परदेशातही हा झगडा झाला आहे. लंडनच्या विम्बल्डन एफसीला २००२ मध्ये सुमारे नव्वद किलोमीटर दूरच्या मिल्टन कीन्सला हलण्याची परवानगी मिळाली. समर्थकांनी डोळे पुसत बसण्याऐवजी त्याच वर्षी स्वतःचा एएफसी विम्बल्डन क्लब काढला. सार्वजनिक मैदानावर चाचण्या घेऊन खेळाडू निवडले आणि इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीपासून सुरुवात केली. नऊ वर्षांनी, २०११ मध्ये, तो क्लब व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. जर्मनीत तर नियमच आहे, की क्लबच्या मतांपैकी निम्म्यांहून एक मत जास्त सभासदांकडे असले पाहिजे. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्गसारखे कंपन्यांचे अपवाद आहेत. पण ते अपवाद म्हणून ओळखले जातात. आपल्याकडे अपवाद हाच नियम आहे.

पंधरा वर्षांचा हिशेब

आता २०२५कडे वळू. २०१० मध्ये झालेला तो पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता. महासंघाच्या घटनेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित असल्याने नवा करार वेळेत झाला नाही. जुलैमध्ये आयोजकांनी लीग स्थगित केली. काही क्लबांनी सराव थांबवला, काहींनी पगार थांबवले. नव्या हक्कांसाठी निविदा काढली गेली, तेव्हा नोव्हेंबरमध्ये एकही बोली आली नाही. वर्षाच्या अखेरीस मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने, ज्याने २०१९ मध्ये मोठ्या गाजावाजाने मुंबई सिटीत पासष्ट टक्के हिस्सा घेतला होता, तो हिस्सा सोडून दिला. इंग्लंडमधला सर्वात यशस्वी उद्योगी क्लबमालकही इथला अनिश्चितपणा सोसू शकला नाही, तिथे बाकीच्यांचे काय?

यातून धडा घ्यायचा असेल तर तो बालेवाडीतून घ्यावा लागेल. लीग कुणी चालवायची, हक्क किती कोटींना विकायचे, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण त्यांच्या आधीचा प्रश्न आहे, क्लब कुणाचा? त्याचे उत्तर फार खर्चिक नाही. क्लबचे नाव, चिन्ह आणि रंग एखाद्या विश्वस्त संस्थेच्या किंवा सभासदांच्या स्वाधीन असावेत; कंपनीने ते चालवायला घ्यावेत. परवाना देताना महासंघाने काही वर्षांच्या पगाराची आणि अकादमीतल्या मुलांच्या शिक्षणाची हमी रक्कम आधीच ठेवून घ्यावी. सरकारी मैदान भाड्याने देताना जिल्हा संघटनेच्या क्लबांशी नाते जोडण्याची अट घालावी. पुण्याच्या जिल्हा लीगमधले छोटे क्लब या चारही बड्या क्लबांच्या आधी होते आणि नंतरही राहिले. नव्या पाहुण्यांनी त्यांच्याशी सोयरीक केली असती, तर कदाचित घर एवढे रिकामे वाटले नसते.

पालकांसाठीही एक गोष्ट. आज शहराशहरांत परदेशी क्लबांची नावे लावलेल्या फुटबॉल शाळा निघाल्या आहेत. मुलाला तिथे घालताना गणवेशाचा रंग आणि भिंतीवरची छायाचित्रे पाहण्याबरोबर दोन साधे प्रश्न विचारावेत. ही संस्था उद्या बंद झाली तर मुलाच्या शाळेचे काय? आणि त्याच्या नोंदणीचे कागद कुणाच्या ताब्यात असतील? हे प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. पुण्याच्या अनुभवानंतर तो शहाणपणा आहे.

निराश होण्याचे मात्र कारण नाही. डीएसके शिवाजियन्स आपला शेवटचा हंगाम खेळत होता, त्याच २०१६-१७ मध्ये आय-लीग कुणी जिंकली? मिझोरमच्या ऐझॉल एफसीने. डोंगरातले छोटे शहर, तुटपुंजा पैसा. पण संघ खेळायला उतरला की पाठीशी सारे राज्य. पैशाने संघ बांधता येतो, हे पुण्यात चार वेळा सिद्ध झाले. क्लब मात्र माणसांनी बांधावा लागतो, हे ऐझॉलने एकदाच दाखवले आणि तेवढे पुरेसे आहे.

कोंढाण्याच्या कथेत आणखी एक तपशील आहे. तानाजी पडल्यावर पळू लागलेल्या मावळ्यांना थांबवण्यासाठी सूर्याजीने परतीचे दोर कापले. पुण्यात उलटेच झाले. मालकांचे परतीचे दोर शाबूत राहिले आणि ते उतरून गेले. वर अडकली ती मुले आणि प्रेक्षक. घोरपड फार तर कडा चढवून देते. गड राखायला शिबंदी लागते आणि ती गावातूनच यावी लागते.